चुकामूक झाली तर

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कोपऱ्यावरच्या फोनवर ओरडून बोलायचं आणि सगळ्या गल्लीला ऐकवायचं, त्यापेक्षा पत्र बरं. मला ते पुन्हा पुन्हा वाचता येतं आणि तुला मध्येच तोडता येत नाही.

बातमी अशी, की आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तुझ्या बाबांनी मनावर घेतलंय. सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून काढला, एकदा ते मोठं शहर बघू तरी दे, असं म्हणाले. एरवी मी चार सबबी सांगितल्या असत्या. या वेळी लगेच हो म्हटलं, आणि त्याचं कारण तुझ्यापासून लपवत नाही. ते विसरायला लागलेत. परवा एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या. गिऱ्हाईक हसलं, मीही हसले. सगळं गाव ज्यांना मास्तर म्हणतं ते तुझे बाबा मात्र कात्री खाली ठेवून त्या बाह्या उसवायला बसले. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, मागे फिरणार नाही. म्हटलं, बघितलेलं लक्षात राहतंय तोवर दाखवून आणावं.

तू त्या संग्रहालयाच्या सामानघरात दिवसभर पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळतोस. कोण कुठे फसतं, कोणाचे पाय कुठे दुखतात, हे तुला ठाऊक असणार. तेव्हा नवख्या माणसांनी शहरात कसं वागावं ते नीट लिहून पाठव. बाबांना कोणाला रस्ता विचारणं कमीपणाचं वाटतं, हे ध्यानात ठेवून लिही.

ताई आणि जावईबापू मजेत आहेत. आशीर्वाद आहेतच, पत्राला मात्र उशीर करू नकोस.

तुझी आई


२१ जानेवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येताय हे वाचून सामानघरात एकटाच हसलो. समोरच्या पाहुण्यांना वाटलं, त्यांच्या पिशवीलाच हसतोय. बाबांचं मात्र दोनदा वाचलं. या, लवकर या.

आता सूचना ऐक. गाडी थांबली की लगेच उठू नका, डबा रिकामा होऊ दे. पिशवी पाठीवर नको, पोटाशी धरा. नवे बूट घालून येऊ नका; इथे येणारे निम्मे लोक संग्रहालय बघत नाहीत, बाकावर बसून टाचा बघतात. रस्ता विचारायचा तर ज्याचे हात कामात आहेत त्याला विचारा, म्हणजे दुकान लावणारा, फळं पुसणारा. आपणहून मदतीला येईल त्याला नाही. आणि स्टेशन इकडेच ना, असं कधीही विचारू नका. इथली माणसं भिडस्त, कशालाही हो म्हणतात. स्टेशन कुठे आहे, असं विचारा.

मनोऱ्यावर चढायला मोठी रांग असते आणि वर गेल्यावर लोकांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. तेच सगळं वाचनालयाच्या जिन्यातल्या खिडकीतून दिसतं आणि तिथे कोणी हटकत नाही. संग्रहालय वरच्या मजल्यापासून बघत खाली या, गुडघे दुवा देतील. चौकातल्या फोटोवाल्याकडे बघून हसू नका, तो आधी फोटो काढतो आणि मग हुज्जत घालतो. कुठे जायची घाई झालीच तर मोठ्या दुकानात मालकासारखं ताठ मानेने शिरा, स्वच्छतागृह मागच्या बाजूला असतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालत्या रस्त्यात थांबू नका. या शहराला उभा माणूस खपत नाही, मागचे ढकलतात. समजा तुमची चुकामूक झालीच, तर जिथे असाल तिथे न थांबता सरळ स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली जा. इथे सगळे तेच करतात. घड्याळ कोणीही दाखवेल. बाबांना हे दोनदा वाचून दाखव.

बाबांना सा. न. तुझी माया आहेच, येताना थोडी जास्तीची बांधून आण.

तुझा धाकटा


३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. पाण्याच्या टाक्यांवर खूप हसले. घड्याळाचं ऐकून मात्र नाक मुरडलं. म्हणाले, आपल्या घरात याची रीत ठरलेली आहे. हरवला त्याने जागचं हलायचं नाही, शोधणाऱ्याने मागे यायचं. तू लहानपणी बाजारात हरवलास तेव्हा दोरखंडवाल्याच्या दुकानापुढे तस्साच उभा होतास, नाक गळतंय, पण पाऊल हललेलं नाही, आणि म्हणूनच सापडलास, ही गोष्ट त्यांनी मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितली. तेवढी त्यांना अगदी लख्ख आठवते. मी म्हटलं, शहरात शहराचं ऐकायचं. ते मान हलवून मशीनकडे गेले. मला बघू न देता काहीतरी शिवतायत. विचारलं तर कापड झाकून ठेवतात.

तिकिटं काढली आहेत. जुनेच बूट घालून येतोय, काळजी करू नकोस. आता समोरासमोर बोलू, तोवर जीव सांभाळ.

तुझी आई


१८ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताईने तुला नीट घरी पोचवलं हे कळलं. तुला इथे ठेवून घ्यायला हवं होतं असं वाटतं, पण तू रोज त्या घड्याळाखाली जाऊन बसायला लागलीस तेव्हा मलाच बघवेना.

बाबा हरवले त्या दिवसाची आणखी थोडी माहिती हाती लागली आहे, म्हणून लिहितोय. बाबांची पिशवी माझ्याकडे सामानघरात ठेवून, तिचा बिल्ला त्यांच्या खिशात घालून तुम्ही दोघं बाजार बघायला निघालात. चौकाखालच्या भुयारी रस्त्यात गर्दीच्या रेट्याने तुझ्या हातातून त्यांचा हात सुटला. तू दुसऱ्या तोंडाने वर आलीस आणि मी लिहिलं होतं तशी घड्याळाकडे गेलीस, रात्री मी काम सुटून येईपर्यंत तिथेच बसलीस. हे पोलिसांना आपण सांगितलंच आहे. बाबांचं पुढे काय झालं, ते काल भुयाराच्या तोंडाशी बसणाऱ्या चांभाराने सांगितलं. तो मधल्या काळात आजारी होता, म्हणून आधी भेटला नाही. फोटो बघताच ओळखलं त्याने. बाबा त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभे होते. त्याने बसायला फळी दिली तर बसले नाहीत. म्हणाले, मी हलणार नाही, माझं माणूस मागे येतंय. त्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण त्यांनी खिशातल्या सुईने लावून दिलं.

पण दिवस कलताना कोणीतरी बडं माणूस त्या रस्त्याने जायचं होतं. शिपायांनी सगळ्यांना हाकललं. चांभाराला त्याचं सामान गोळा करायला लावलं, बाबांनाही पुढे चला म्हणाले. बाबांनी हात जोडून सांगितलं, की मला इथेच उभं राहू द्या. कोणी ऐकलं नाही. चांभार परत आला तेव्हा ते तिथे नव्हते.

आई, तू जिथे जायचं तिथे गेलीस आणि ते जिथे थांबायचं तिथे थांबले. यापुढे मला लिहवत नाही. आता मी सुट्टीच्या दिवशी त्या भुयारापाशीच उभा राहतो.

तुझी माया एवढीच आता हाताशी आहे, ती राहू दे.

तुझा धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या चांभाराचं बटण लावून दिलं, हे वाचून मी पहिल्यांदा पोटभर रडले. म्हणजे ते होते तिथे, अगदी आपले मास्तर होते.

तू मला शहराच्या सूचना लिहिल्या होत्यास, आता मी तुला यांच्या लिहिते. नुसते चेहरे बघत फिरू नकोस. ते स्वतः होऊन कोणाला रस्ता विचारणार नाहीत, तेव्हा रस्ते सांगणाऱ्यांकडे चौकशी करून उपयोग नाही. शिवणकामाची दुकानं धुंडाळ. मशीनचा आवाज आला की ते दारात थांबतातच, आणि कारागिराची चूक दिसली की त्यांना गप्प बसवत नाही. एखाद्या दुकानातून म्हातारा कुरकुरतोय म्हणून हाकलला असेल, तर ते हेच. नाव विचारलं तर कदाचित सांगता येणार नाही. मास्तर म्हणून हाक मार, त्याला ओ देतात.

दवाखान्यात कोणी बिननावाचं आलं असेल तर सदरा उलटा करून बघ. त्यांचा प्रत्येक कपडा घरचा आहे. शिलाईच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडलेलं असतं. बाकीचे शिंपी कापड वाचवतात, हे सोडतात. माणूस वाढतो, सुटतो, त्याला जागा हवी, असं म्हणतात. ही खूण चुकायची नाही.

जेवत जा. तू वाळलास तर मी कोणाकडे बघू? माझा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.

तुझी आई


९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. तू सांगितलंस तशी शिवणकामाची दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी म्हणाले, एक म्हातारा येऊन कॉलर चुकली म्हणून भांडला होता, पण तो कोणत्या दिशेने गेला ते आठवत नाही. दवाखाने झाले. बेवारस म्हणून आणलेले जिथे ठेवतात तिथेही जाऊन आलो. किती सदरे उलटे करून बघितले म्हणून सांगू! त्यात बाबा नव्हते. नव्हते याचा आनंद मानायचा की नाही, हेही आता कळेनासं झालंय. पोलीस ठाण्यात मला बघितलं की हवालदार दुरूनच मान हलवतो. तो वाईट माणूस नाही.

आणखी एक सांगायचं आहे. बाबांची पिशवी इतके दिवस मी फळीवर तशीच ठेवली होती. बिल्ला घेऊन आल्याशिवाय पिशवी कोणालाही द्यायची नाही, हा आमचा नियम, आणि बिल्ला त्यांच्या खिशात. साहेबांनी सांभाळून घेतलं, पण आता फळ्या रिकाम्या करायचा हुकूम आलाय. काल पिशवी घरी आणून उघडली. तुझ्यापासून लपवून शिवत होते तो माझ्यासाठी शर्ट होता. निळ्या रेघांचा. दोन्ही बाह्या डाव्या. आणि आई, माप माझं आत्ताचं नाही. मी घर सोडलं तेव्हाचं आहे. माझे खांदे त्यात शिरत नाहीत.

तेव्हापासून एकच विचार डोकं खातोय. ते कुठे उभे असतील तर त्या पोराची वाट बघत असतील. मी त्यांच्या समोरून गेलो असेन आणि त्यांनी मला जाऊ दिलं असेल.

तू इकडे ये आता. खोली लहान आहे, पण दोघांना पुरेल. दुकान विकून टाकू, ताईलाही पटलंय. शर्ट पार्सलने पाठवतोय, मला तो इथे बघवत नाही.

माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा


२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शर्ट पोचला. या खेपेला तू मला 'सौ.' लिहिलं नाहीस. लगेच लक्षात आलं माझ्या. लिहिताना तुझा हात अडला असणार. रागावले नाही. पण तसा काही निरोप येत नाही तोवर 'सौ.' लिहीत जा, मलाही तेवढाच आधार.

शर्ट बघून वाटलं, त्यात काय एवढं, उसवून मोठा करू. आयुष्यभर त्यांच्या हाताखाली काज-बटणं केली, एवढं मला येतं. मनात असं होतं, की खांदे सैल करायचे, एक बाही फिरवून लावायची आणि तुला परत पाठवायचा. तू तो घालून तिथे उभा राहशील. चेहरा नाही ओळखला तरी आपली शिलाई ओळखतील. मशीनपाशी बसून बगलेची शिवण उसवली. मग खांद्याची उसवली. मग सगळीच उसवली, पोरा. आत कापड नाही. कुठेच सोडलेलं नाही. अगदी शिलाईला लागून कापून टाकलंय.

तुझ्या लंगोटापासून आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तुकडे मांडीवर घेऊन बसले तेव्हा कळलं, की गर्दीत हात सुटला तो नुसता हात. माणूस आधीच सुटून चाललं होतं, आणि मी शेजारी बसून काज करत होते. ते आता सापडायचे नाहीत. सापडले तरी तुला आणि मला ओळखून घरी येतील, असं मला वाटत नाही. ताईसमोर मी असं बोलत नाही, ती लगेच रडते.

म्हणून सांगते, त्या भुयारापाशी उभा राहत जाऊ नकोस. सुट्टीच्या दिवशी झोप काढ, कपडे धू, चार माणसांत जा. तुझं ते शहर कोणाला उभं राहू देत नाही, तू लिहिलं होतंस ते खरंच होतं.

दुकान विकायचं नाही आणि मी तिकडे यायची नाही. रोज सकाळी दुकानाचं दार उघडते, मशीन पुसते आणि दारात बसते. येणारं कोणी नाही, हे मला समजतं. पण हरवलेल्याने हलायचं नाही ही आपल्या घरची रीत आहे, आणि इथून मला कोणी हाकलत नाही.

शर्टाचे तुकडे जपून ठेवलेत. माझा आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहे.

तुझी आई