शमाल संघ आणि माझी मिळकत

मी, साधना आत्माराम हिंदळेकर, वय वर्षे एकोणसाठ, धंदा पार्किंगच्या शेड बांधणे, कारखाना उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, राहणार दुबई मरीना, मूळची वेंगुर्ल्याची, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने, कोणीही भरीस न घालता लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. शुभ्रा प्रभुदेसाई यांनी दिला आहे. मनाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. करावं असं कधी वाटलंच नव्हतं. फुजैराच्या मैदानावर जे पाहिलं, त्यानंतर वाटलं. वकीलसाहेब याची अरबी प्रत काढतील. तिच्यातून माझ्या आठवणी गाळल्या तरी चालतील, इथून गाळू नयेत.

कलम १. मरीनाचा फ्लॅट माझे पती आत्माराम यांनी हयातभर वापरावा. त्यांच्या पश्चात तो मुलगा वेदांग आणि मुलगी पर्णिका यांना निम्मा निम्मा मिळावा. वेदांगला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ममा, यू आर नॉट डाइंग. व्हाय आर वी डुइंग धिस?"

मी म्हटलं, "कोच वेंडेलही मरत नव्हता."



कलम २. कारखाना, त्यातली मशीन आणि कामगारांची जबाबदारी पर्णिकाकडे जावी. ती माझ्याइतकीच कडक आहे आणि माझ्यापेक्षा कमी ओरडते.

कलम ३. 'उम्म अल कुवैन शमाल' या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल. शमाल म्हणजे आमच्याकडे वाळू उडवत येणारा उत्तरेचा वारा. संघही तसाच आला आणि गेला; अख्खा एक मोसमसुद्धा टिकला नाही. माझ्यानंतर लोक काहीबाही सांगतील, म्हणून घडलं ते लिहून ठेवते.

लीगचे डायरेक्टर नीरव माझ्याकडे मैदानांवरच्या शेडचं काम घेऊन आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "आंटी, एक टीम अजून कोणी घेतली नाही. कारखान्यामागे एवढी जागा पडलीय. घेऊन टाका ना!" मी घेतली. का घेतली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर सावली धरली. आपलं म्हणून काहीतरी धावणारं हवं होतं, एवढंच.

घरी आत्मारामांनी पेपर खाली ठेवला. "अगं, फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो ना?"

"नाही, हा हाताने."

"मग त्याला फुटबॉल का म्हणतात?"

"वेंडेलला विचारते."

वेंडेल प्राइस आमचा कोच, अमेरिकेतल्या टोलेडोचा. पन्नाशीचा, दणकट, आवाज मात्र देवळातल्यासारखा हळू. त्याचा व्हिसा माझ्या कंपनीवर होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याच्या हवाली, हे त्याने मला टेबलावर मीठदाणी सरकवून शिकवलं. दुपारी तो ऑफिसात माझ्यासोबत जेवायचा. काळ्या वाटाण्याच्या उसळीला तो "मिस साधनाज ब्लॅक गोल्ड" म्हणायचा. खेळाडू सगळ्या मुलखांतले: चार अमेरिकन, दोन सीरियन, फिलिपिनो, नायजेरियन, आणि कॅप्टन राहिल, मूळचा मुंब्र्याचा पण शारजात वाढलेला. पहिले दोन सामने हरलो, पुढचे तीन जिंकलो. फुजैराच्या सामन्यात पुढे होतो.

सामन्याचा तिसरा क्वार्टर सुरू होता. मी वेंडेलच्या शेजारी उभी होते. त्याने कानावरचा हेडसेट काढून माझ्या हातात दिला. "मिस साधना, होल्ड धिस," म्हणाला. बर्फाच्या पेटीवर बसला. मला वाटलं दमला. मग तो एका अंगावर कलंडला, सदरा दोरीवरून घसरावा तसा. कसलाही आवाज नाही.

हेडसेट माझ्या हातात चालूच होता. वर काचेच्या खोलीत आमचा दुसरा कोच अबरार बसायचा, त्याला खालचं कळलंच नव्हतं. पुढची चाल विचारत त्याचा आवाज येत राहिला, "कोच? रन या पास? कोच, बोलो ना." डॉक्टर छाती दाबत होते आणि माझ्या मुठीतून अबरार विचारत होता, "कोच?" मला बटण सापडेना. तो आवाज माझ्या तळहातातून अजून गेलेला नाही. तो हेडसेट अबरारला द्यावा. त्याने तो मागितला आहे. का, ते मी विचारलेलं नाही.

ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडत होती तेव्हा नीरव धावत आले. "आंटी, लाइव्ह चाललंय. दहा मिनिटांचा ब्रेक घेऊ, मग यल्ला, चला, पूर्ण करू."

राहिलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मॅडम, हम नहीं खेलेंगे," म्हणाला आणि हेल्मेट काढून गवतावर ठेवलं. त्याच्यामागून आमच्या सगळ्यांनी ठेवली. मी बघतच राहिले, कारण पलीकडे फुजैराचा कॅप्टनही वाकला होता. थोड्याच वेळात अख्ख्या मैदानावर हेल्मेटं आणि बोडकी डोकी. शिट्टी कोणीच वाजवली नाही.

कराराचा भंग म्हणून लीगने शमालचं नाव काढून टाकलं. सामना आम्ही हरलो अशी नोंद केली. मी वाद घातला नाही. संघ त्या गवतावरच संपला होता.

कलम ४. वेंडेलने मृत्युपत्र केलं नव्हतं. त्याचं बँकेचं खातं बंद झालं, खोलीला कुलूप लागलं, आणि त्याला घरी पाठवायच्या प्रत्येक कागदावर सही माझी, कारण व्हिसा माझा. ज्याचं मधलं नावही मला ठाऊक नव्हतं, त्याचा देह माझ्या सहीने शवागारातून सुटला. टोलेडोला त्याच्या मुलीला फोन मीच केला. मला वाटलं होतं ती रडेल, जाब विचारेल. तिने एवढंच विचारलं, त्या दिवशी बाबा जेवले होते का?

"हो," मी सांगितलं. "दुपारी, माझ्यासमोर. दोनदा मागून घेतलं."

तेव्हा ती रडली. म्हणून माझ्या घरच्यांना सांगणं: माझ्या वेळी कोणाला दारोदार हिंडावं लागू नये. या मृत्युपत्राची व्यवस्थापक पर्णिका. अग्नी इथेच द्यावा, तिनेच द्यावा. राख वेंगुर्ल्याला नेली तर बरं, नाही जमलं तर इथला समुद्रही खारटच आहे.

कलम ५. नीरव यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. मात्र शोकसभेला बोलवावं, पहिल्या रांगेत बसवावं, आणि त्यांचा फोन बाहेर ठेवून घ्यावा. सभा संपेपर्यंत त्यांना उठू देऊ नये.

कलम ६. माझे दागिने पर्णिकाला, गाडी वेदांगला. शमालच्या निळ्या जर्सी राहिलने खेळाडूंमध्ये वाटाव्यात. एक आत्मारामांनी आधीच घेतली आहे. ती घालून ते सकाळी फिरायला जातात. परत मागू नये.

कलम ७. कारखान्यामागचं शमालच्या सरावाचं मैदान. जागा भाडेपट्ट्याची, गवत माझं. इथे लिहायचं होतं की मैदान मोडून तिथे गोदाम बांधावं. हा मसुदा काल घरी वाचून दाखवला. आत्माराम शेवटपर्यंत ऐकत होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "पुन्हा टीम काढणार आहेस का?"

"छे! खलास. डोकं फिरलंय का माझं?"

"मग रोज सकाळी त्या गवताला पाणी कशाला घालतेस?"

पर्णिका माझ्याकडे बघत राहिली. खरंच, मी रोज पाणी घालते आहे, आणि हे मला त्यांनी विचारेपर्यंत कळलं नव्हतं.

तेव्हा मैदानाबद्दल या मृत्युपत्रात मी काहीही ठरवत नाही. ते मी जिवंतपणी ठरवीन.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, कुटुंबाला वाचून दाखवला, तो खरा आहे. खालील दोघांसमोर सही करते. या दोघांना माझ्या मिळकतीत काही नाही, फक्त माझ्या घरचा चहा आहे.

साधना आत्माराम हिंदळेकर
(सही)

साक्षीदार:
१. डॉ. शुभ्रा प्रभुदेसाई, दुबई (सही)
२. रामचंद्र तोरसकर, शेजारी, दुबई मरीना (सही)

ठिकाण: उम्म अल कुवैन
दिनांक: ९ मार्च २०२४