दुसऱ्यांची दोन मिनिटं

चाचा, गुडघे कसे आहेत तुमचे? तिकडे भट्टीपुढे उभं राहायचं काम नसणार, तेव्हा बरे असावेत. चाचींचा खोकला थांबला का? आपले शेठ आले तेव्हा रक्तदाब बरोबर घेऊनच आले असतील. त्यांना म्हणावं, आता गिऱ्हाईक खोळंबलेलं नाही, ओरडू नका. पॅकिंगच्या मावशींना डोळ्यांनी नीट दिसतं ना? आणि माझी आई कधी भेटली तर तिला दम लागतो का, तेवढं बघून ठेवा. मी इकडे औंढ्यात ठीक आहे. साखर जरा वर असते, पण जन्मभर चिक्कीत हात घातल्यावर ती खाली कशाला राहील? ठीक नाही तो माझा धाकटा.

त्याच्या काळजातली एक झडप नीट मिटत नाही. तळेगावच्या कारखान्यात जिना चढताना मटकन खाली बसला, तेव्हा कळलं. परवा ऑपरेशन आहे. डॉक्टर कोवळा पोरगा आहे, गोड बोलतो. म्हणाला, "आजी, सकाळी दहाला आत घेऊ, दुपारपर्यंत बाहेर." मी तारीख विचारली, मग पुन्हा विचारली. परवा तीस जानेवारी, हुतात्मा दिन. म्हणजे अकराला देश दोन मिनिटं उभा राहील तेव्हा माझं लेकरू छाती उघडी टाकून पडलेलं असणार. सुनेला वाटलं, दिवस वाईट म्हणून सासू घाबरली. "आई, असं काही नसतं हो," म्हणाली. तिला काय सांगू? मला दिवसाची भीती नाही, चाचा. तुम्ही घालून दिलेल्या नियमाची आहे.

तुम्हाला तो घाणा आठवतो का? मी लोणावळ्याला भट्टीवर नवीन होते, शेंगदाणे पाखडायला. दर वर्षी त्या दिवशी तुम्ही अकराच्या आधीच कढई उतरवून ठेवायचात. गुळाचा पाक काही श्रद्धांजलीसाठी थांबत नाही, असं म्हणायचात. त्या वर्षी पर्यटकांची झुंबड होती. शेठ म्हणाले, "चाचा, एक घाणा काढा, होतो तेवढ्यात." तुम्ही कढई ठेवलीत. पाक फुगायला लागला आणि नगरपालिकेचा भोंगा झाला. तुम्ही उलथणं बाजूला ठेवून मान खाली घातलीत, मग आम्ही सगळ्यांनी. आता दुसरा भोंगा झाला की हलायचं. आणि तेवढ्यात लाईट गेली. दुसरा भोंगा होतोय कशाला! आम्ही उभे. समोरचा पानवाला उभा, रस्त्यात एसटी उभी, ड्रायव्हर खाली उतरून उभा. आधी कुणी हलायचं? पाकाचा रंग बदलतोय, धूर येतोय, नाकात कडू वास चढतोय, आणि शेठ मान खाली घालूनच दातांतल्या दातांत म्हणतात, "चाचा, अहो हला की!" तुमची मान खालीच. "सरकारनं उभं केलंय शेठ, सरकारच बसवंल." मावशींना हसू आवरेना, पदर तोंडात कोंबून त्या गदागदा हलतायत. शेवटी एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारली आणि लोणावळा सुटलं. कढईत नुसता कोळसा.

शेठ आपलाच हट्ट आठवून गल्ल्यावर जाऊन बसले. पण तुम्ही मला बोलावलंत, मी कढई खरवडत होते तिथंच. "तुजे ओठ का हालत व्हते गं?" मी म्हटलं, "आईचा दमा बरा होऊ दे म्हणत होते." वाटलं, शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, "आईसाठी रोज माग. पाच येळा माग, मी बी मागतो. पन ही दोन मिन्टं आपली न्हाईत. ज्येंच्यासाठी रडाया कुनी उरलं न्हाई, त्येंची हायेत. त्यातलं घेऊ नगं." आवाज चढवला नाहीत, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा चेहरा पाहून मग तुम्ही ती इंग्रज साहेबाच्या लढाईची गोष्ट सांगितलीत. तेव्हा सरकारनं प्रार्थनेचा दिवस ठरवला होता, दवंडी फिरली होती की उद्या सगळ्यांनी आपापल्या देवाकडं सरकारच्या जयासाठी मागणं मागायचं. साहेब लोक चर्चमध्ये, तुमचे वडील मशिदीत, आमच्यातले देवळात. पाटलानं दारात उभं राहून माणसं आत घातली म्हणे. तुम्ही लहान होता. परत येताना वडलांना विचारलंत, काय मागितलंत? ते म्हणाले, "पलटणीत गेलेली आपली पोरं परत येऊ देत म्हनलं. जयाचं सरकार बघंल." आणि मला म्हणालात, "मान वाकवायचा हुकूम निघतो पोरी, मनात काय आनायचं त्येचा न्हाई निघत. म्हनून ते आपलं आपन सांभाळायचं."

मी सांभाळलं, चाचा. चिक्कीच्या वेष्टनावर बोट ठेवून तुम्ही अक्षरं शिकवलीत, ती दुकानांच्या पाट्यांवर वाचत वाचत मी पुढे नेली, तसंच हेही नेलं. त्याच पावसाळ्यात आई गेली. पुढच्या जानेवारीत भोंगा झाला तेव्हा तिचं नाव ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. तिच्यासाठी रडायला मी होते ना! मग लग्न झालं, भट्टी सुटली, इकडे भोंगा ऐकू येईना, तरी अकराला मी हातातलं काम ठेवून उभी राहतेच. पूर्वी वावरात माणसं थांबायची, आता हायवेवर कुणाला पत्ता नसतो. मध्यंतरी मोठी साथ आली. तेव्हा टीव्हीवरून सांगणं झालं की अमक्या वेळेला थाळ्या वाजवा, तमक्या रात्री दिवे लावा. दवंडीच ती, फक्त घरात बसून ऐकायची. घरातली दोन माणसं तापानं फणफणली होती, तरी उंबऱ्यात दिवा लावला तो दवाखान्यात राबणाऱ्या परक्या लेकींसाठी लावला. नात म्हणाली, "आजी, तुझं डोकं फिरलंय." म्हटलं, फिरू दे.

पण परवाचं जमत नाही. दुपारपासून मी तीनदा त्याच्या खोलीत जाऊन आले. झोपलाय. पांघरूण वरखाली होतंय का बघते, मग बाहेर येते, मग वाटतं नीट पाहिलंच नाही. मघाशी त्यानं एक डोळा उघडून विचारलं, "आई, मोजायला बसलीस का श्वास?" म्हटलं, नाही रे, टॉवेल शोधतेय. टॉवेल खांद्यावरच होता.

दहाला मागीन, साडेदहाला मागीन, बारालाही मागीन. डॉक्टरांसाठी मागीन, भूल देणाऱ्या बाईंसाठी मागीन. सगळं खरं. पण नेमकं अकराला, त्याचं काळीज दुसऱ्याच्या हातात असताना, मी माझ्या लेकराचं नाव बाजूला ठेवून अनोळखी मेलेल्यांपुढे मान वाकवायची? तुम्ही असता तर तुमच्या तोंडावर विचारलं असतं. आणि विचारतेच आहे तर हेही सांगते. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले, तिची वेळ भरली. मीही म्हणाले. पण आत एक खडा राहिला, की त्या दोन मिनिटांत मला मागू दिलं असतंत तर? वेडेपणा आहे, कळतं. तुमच्या मयताला मी लोणावळ्याला आले, ढसाढसा रडले, तेव्हाही तो खडा होताच. तुमच्यावर माझी माया आहे, चाचा, आणि थोडा राग आहे. दोन्ही एकाच मडक्यात ठेवलेत, आजवर कुणाला दाखवले नाहीत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मलाही कळतं. तरी लवकर उत्तर लिहा. परवा अकराच्या आत आलं आणि त्यात "नगं" असं असलं, तर ऐकीन, तुमची शपथ. नाही आलं, तर तुमचं गप्प राहणं मी होकार धरीन आणि माझ्या पोराचं मागणं मागीन. खरं सांगू? उत्तर येऊ नये, असंच वाटतंय.