चार बाय अडीच फूट मोकळी जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.४०. कॉलेजच्या जिमखान्यात भिंत मोजत होतो.
जुन्या कोचसरांचा बोर्ड पाच फूट लांब आहे. 'कारकीर्द: सव्वीस वर्षं. विजय: ३१४.' शेजारी चार बाय अडीच फूट जागा मोकळी आहे. मला पुरेल. सरांचा पाय मोडल्यामुळे मुलींच्या बास्केटबॉल टीमचा कोच आजपासून मी. कालपर्यंत इथलं स्टोअर सांभाळायचो, बॉलमध्ये हवा भरायचो. म्हणजे मी बॉल आतून ओळखतो.
प्राचार्य म्हणाले, चार सामने आहेत, एक तरी जिंका आणि वर्षभर कोच राहा. नाहीतर पंप आहेच.
हात थंड पडले होते. मोजपट्टी लोखंडी आहे, त्यामुळे.
संकल्प: मुलींनी मला 'सर' म्हणायचं, 'पंपदादा' बंद. बॉल अंगावर आला तरी डोळे मिटायचे नाहीत.

बुधवार, ५ फेब्रुवारी.
पहिली प्रॅक्टिस. कॅप्टनला सगळ्या शिडी म्हणतात. मी तिच्या खांद्याला लागतो. पळ म्हटलं, तर बसली. बस म्हटलं, तर पाणी प्यायला गेली. परत येऊन विचारलं, पंपदादा, तुम्ही जन्मात एक तरी बास्केट टाकलीय का? मी म्हटलं, कोचने टाकायची नसते. सगळ्या हसल्या. टीममध्ये खेळीमेळीचं वातावरण निर्माण केलं. अहवालात घालण्याजोगं.
शिट्टी वाजली नाही. तोंड कोरडं पडलं होतं. हवाच कोरडी आहे सध्या.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
पहिला सामना. ६१–१८. अठरा आमचे. एकही मुलगी जखमी नाही.
बेंचच्या मागे, खांबाआड उभा होतो. तिथून खेळ नीट दिसतो.
घरी ताईला सांगितलं, चुरशीचा झाला. ती म्हणाली, मग हातातला चमचा का वाजतोय ताटावर? चमचा हलका आहे. तिने भाऊजींना आधीच सांगून ठेवलंय की आमचा धाकटा हेड कोच झाला. मी 'हेड' म्हटलं नव्हतं. नाकारलंही नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
काल दुसरा सामना. ५५–२७. अंतर त्रेचाळीसवरून अठ्ठावीसवर आलं, म्हणजे पंधराची सुधारणा. याच हिशेबाने तिसरा तेराने हरू आणि चौथा दोनाने जिंकू. शाळेत दहावीच्या पुढे गेलो नाही, पण वजाबाकी कोणाची मिंधी नसते.

रविवार, १६ फेब्रुवारी.
काल हरलो. ४८–३५. बरोबर तेराने!
मी घाबरलो नाही. फक्त बाथरूममध्ये जरा वेळ बसलो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. दुपारी ४.१५.
उद्या शेवटचा सामना. शिपाई निरोप घेऊन आला की प्राचार्य स्वतः येणार, पहिल्या रांगेत बसणार. भाऊजीही येणार आहेत, नवा शर्ट घालून. त्यांना कोणी बोलावलं देव जाणे.
पुठ्ठ्यावर कोर्ट काढलं. आमच्या मुलींनी बॉल टाकायची बास्केट खिडकीकडची. सगळे बाण लाल शाईने तिकडे वळवले. तीन वेळा तपासले, एकही बाण चुकलेला नाही. शिडीला दाखवलं. तिने त्याचा वारा घेतला.

शनिवार, २२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.१०. स्टोअरमध्ये, आतून कडी लावून.
सावकाश लिहितो.
४४–४३, आम्ही पुढे. नऊ सेकंद बाकी, बॉल शिडीच्या हातात. तिने तो नुसता धरून ठेवला असता तरी झालं असतं. पण प्राचार्य उठून उभे राहिले, त्यांचं बघून भाऊजी उभे राहिले. आता कोचने काहीतरी ओरडायलाच हवं होतं. पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि ओरडलो, खिडकीकडे!
आवाज निघाला. खणखणीत. शिडीने वळून माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आणि पळत सुटली. समोरच्या मुलींनी चक्क वाट करून दिली. मला वाटलं, दरारा म्हणतात तो हाच. काय सुरेख बास्केट पडली!
मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मला माहीत आहे. पुठ्ठ्याला माहीत नव्हतं.
पंच म्हणाले, आपल्याच बास्केटमध्ये मुद्दाम टाकलेला बॉल मोजत नाहीत. जीव भांड्यात पडला. मग त्यांनी बॉल समोरच्या टीमला दिला. तीन सेकंद उरले होते. त्यांना दोन पुरले.
४४–४५.
शिडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी डोळे मिटले. ओरडली नाही. हळूच म्हणाली, पण सर, तुम्हीच सांगितलंत ना?

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ७.०५. स्टोअर.
प्राचार्य रागावले नाहीत. म्हणाले, कार्याचा अहवाल लिहून द्या आणि बारा बॉल मऊ पडलेत, तेवढे बघा. भाऊजींनी ताईला विचारलं म्हणे, साधा कोच काय करतो मग?
जाता जाता भिंत पुन्हा मोजली. चार बाय अडीच. कमी झालेली नाही.

अहवाल:
कारकीर्द: वीस दिवस.
सामने: चार.
विजय: शून्य.
जखमी: शून्य.
शिट्टी: एक, न वाजलेली, स्टोअरला जमा.
पुठ्ठा: एक, फाडला.
हवा भरलेले बॉल: बारा.
मुलींनी पाळलेल्या सूचना: एक.