मामाचे एकोणीस पत्ते

ती. आत्यास नमस्कार. गुडघे कसे आहेत? हे पत्र तीन आठवडे टाळलं, कबूल करतो. (पेन सापडत नव्हतं, हे पहिल्या दिवसापुरतं खरं.)

ताईला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात मुख्य नर्सची जागा मिळाली, हे तुला ठाऊक आहेच. घटस्फोटात चिमणीचा ताबा ताईकडे आला, पण लेकीला घेऊन शहर सोडायचं तर कोर्टाची परवानगी लागते. भावोजींनी (माजी म्हणायला जीभ रेटत नाही, माणूस सायकल फार छान दुरुस्त करतो, माझी अजून त्यांच्याकडेच पडली आहे) हरकत घेतली, की ताई ड्यूटीवर असताना पोरीला कोण बघणार? ताईनं माझं नाव दिलं. दुसरं रिकामं होतं कोण?

वकीलबाई म्हणाल्या, मामा-भाचीची माया दिसेल असं काहीतरी आण. मी चिमणीचा बिस्किटांचा डबाच नेला. दोन वर्षांत तिला धाडलेली माझी सगळी पत्रं त्यात आहेत, आणि पोरीनं उत्तर द्यावं म्हणून प्रत्येकावर माझा त्या वेळचा पत्ता ठळक अक्षरात. भावोजींच्या वकिलांनी माया वाचलीच नाही, नुसते पत्ते मोजले. एकोणीस भरले. (एक बोटीचा होता.) न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं, "आणि विसावा?"

ताईकडे बघवेना. परवानगी हुकली तर नोकरी सोड नाहीतर मुलगी सोड, एवढंच तिच्या हाती उरणार. माझ्या तोंडून निघून गेलं, की मी आपला सोबतीला, घर आत्या सांभाळणार आहे, रिटायर्ड मुख्याध्यापिका. न्यायाधीशबाईंनी लगेच लिहून घेतलं. (शाळेतून माझं नाव तूच काढलं होतंस, ते कुणी विचारलं नाही.)

बाकी सगळं ठीक.

तुझा,
भटक्या

ता. क. सोमवारी पुढची तारीख आहे. तू आमच्याकडे कायमची राहायला येणार आहेस, एवढं तुला कळवायचं राहून गेलं होतं.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच दार वाजलं. दारात तू! मागे तुझी बॅग उचलून भावोजी. खरंखोटं करायला ते थेट तुझ्याकडेच गेले होते म्हणे, आणि तू न चाचरता हो म्हणालीस. ते ताईला म्हणाले, "आत्या असतील तर माझी हरकत नाही. सुट्टीत चिमणी माझ्याकडे." ताई पदर तोंडाला लावून आत गेली आहे. माझी सायकलही आणली आहे त्यांनी, अगदी नव्यासारखी. फक्त तिला कुलूप आहे, आणि किल्ली तुझ्या हातात दिसते आहे.