बरे वाटू लागलेल्या काकांना घरी न सोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
अधीक्षक कार्यालय, तळमजला.

विषय: खिडकीजवळच्या खाटेवरील रुग्णाचा (माझे सख्खे काका) घरी सोडण्याचा अर्ज नामंजूर करण्याबाबत.
संदर्भ: सदर काकांनी बिस्किटाच्या पुड्यावर लिहून आपणांस दिलेला अर्ज.

महोदय,

१. काका सुतार आहेत. त्यांच्या मेंदूत गाठ आहे. दाखल केले तेव्हा ते काकूलाच "ताई, आपण कोण?" असे विचारत होते. काकू रडली. मग सूज उतरवणारे स्टेरॉइड सुरू झाले आणि दोन दिवसांत काका उठून बसले, चहात साखर कमी म्हणून काकूवर खेकसले. काकू पुन्हा रडली, पण आनंदाने.

२. तेव्हापासून काकांना झोप नाही आणि भूक आवरत नाही. शेजारच्या आजोबांची अंडी त्यांनी परस्पर संपवली. वॉर्डाचे करकरणारे दार उतरवायला घेतले होते, ते सिस्टरनी वेळीच धरले. हा औषधाचाच प्रताप, असे सिस्टर म्हणतात.

३. खरा घोटाळा सकाळच्या राउंडला झाला. मोठे सर्जनसाहेब शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते की, पूर्वी कवटी उघडली की सुजलेला मेंदू बाहेर फुगून यायचा, सर्जन हवालदिल व्हायचे. साठेक वर्षांपूर्वी, सांध्यांच्या सुजेवर चालणाऱ्या औषधांच्या जातीतलेच एक औषध ऑपरेशनआधी देऊन पाहिले. गुंगीत पडलेले रुग्ण एक-दोन दिवसांत बोलू लागले आणि ते औषध सगळीकडे रूढ झाले. एवढ्यात नाश्त्याची गाडी आली. "सूज उतरते, गाठ तिथेच असते, औषध फक्त ऑपरेशनपुरता वेळ मिळवून देतं," हे पुढचे वाक्य काकांनी ऐकलेच नाही. मी ऐकले.

४. आता ठरलेले ऑपरेशन नको म्हणून काका सांगतात, "अगं, ओलीनं फुगलेलं दार सुकलं की आपोआप बसतं. रंधा कशाला मारायचा?" मी विचारले, "आणि भिंतीत नळ फुटलाय, त्याचं काय?" तर म्हणाले, "दहावी हो आधी, मग सुतारकाम शिकव!" बाबा धाकटे भाऊ म्हणून गप्प. काकू, "त्यांना बरं वाटतंय ना," म्हणून गप्प. घरात बोलणारी मी एकटीच उरले आहे.

५. गाठ वाढत गेली तर हे औषधही पुरे पडणार नाही, असे कळते. मला काका हवे आहेत, महोदय. ते आजवर कुणाचे ऐकत आलेले नाहीत, फक्त शिक्क्याचे ऐकतात. सरकारी कागद ते उभे राहून वाचतात. तरी नकार लेखी द्यावा, शिक्का ठळक उमटवावा, आणि सर्जनसाहेबांनी ते राहिलेले वाक्य नाश्त्याच्या आधी काकांना ऐकवावे, ही विनंती.

ऑपरेशननंतर काका घरी सोडण्यासाठी पुन्हा अर्ज करतीलच. तो मी स्वतः लिहून देईन. तो मात्र लगेच मंजूर व्हावा.

आपली नम्र, पण या बाबतीत ठाम,
(सही)
रुग्णाची पुतणी, इयत्ता दहावी
दिनांक: आजचाच. काका उद्या सकाळी निघतो म्हणताहेत.

सोबत: काकांच्या चपला, एक जोड (कृपया कुलपात ठेवाव्यात).