हात खाली केल्याशिवाय बोलायचं नाही

३ मार्च
आजपासून बर्फाचा गोड चहा बंद.
आम्हा काळ्यांच्या वस्तीतली एकुलती एक बस नगरपालिका बंद करायला निघालीय. २४ तारखेला लोकांचं म्हणणं ऐकायला सुनावणी आहे. त्याच बसने मिस अर्लीन, वय एकोणऐंशी, डायलिसिसला जातात. माझी डॉक्युमेंटरी ही बस वाचवणार. ठरलं! शिवाय वस्तीतल्या मुलींना सिनेमा शिकवणार. सध्या एकच आलीय, केझाया. क्वालिटी महत्त्वाची.

९ मार्च, सकाळ
थांब्यावर शूटिंग. मिस अर्लीनना चार वेळा बसमध्ये चढवलं, उतरवलं. पाचव्या टेकला ड्रायव्हर न थांबताच गेला. त्या म्हणाल्या, नगरपालिकेला बस बंद करायला दोन महिने लागतायत, तू एका सकाळीत केलीस की गं! विनोदी स्वभाव. पडद्यावर छान दिसेल.
हॉस्पिटलला त्यांना केझायाच्या भावाने सोडलं. मला शूटिंगसाठी इतका छान उजेड सोडून जाता येईना.

१६ मार्च
चर्चच्या तळघरात सुनावणीची तालीम. वस्तीतल्या बायका एकदम बोलतात, मध्येच आमेन म्हणतात. साउंडची वाट. नियम केला: माझा हात वर असेपर्यंत सगळ्या गप्प, खाली आला की बोलायचं. पास्टरना चाळीस वर्षांत जमलं नाही ते मला जमलं.
केझाया म्हणाली, मिस रोवेना, त्यांना बोलू द्या ना, कॅमेरा घेऊन आपण मागे पळू. पोरीला अजून दृष्टी नाही.
गोड चहा दोन ग्लास. तालमीचा दिवस धरायचा नाही.

२४ मार्च, सकाळ
सुनावणी. आज इतिहास घडणार. केझाया बॅटरी, बॅटरी करतेय. भरपूर आहे.

२४ मार्च, संध्याकाळ
तांत्रिक अडचण.
कुणाला बोलायचंय, असं अध्यक्षांनी विचारलं आणि कॅमेरा बंद पडला. एक हात वर, दुसऱ्याने बॅटरी शोधतेय. रविवारी चर्चला घालायच्या हॅट घालून आलेल्या सगळ्या बायका माझ्या हाताकडे बघत गप्प. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. मग कुणाचीच हरकत नाही म्हणून बस बंद करायचा ठराव पास.
हल्लीच्या बॅटऱ्याच वाईट.

२ एप्रिल
केझायाने सोडलं. शिकले तेवढं पुरे, म्हणाली. हा आत्मविश्वास माझ्यामुळेच आला.

६ एप्रिल
बस बंद. मिस अर्लीनना मीच गाडीतून नेलं. कॅमेरा घरीच ठेवला. आता आठवड्यातून तीनदा हेच, त्या आहेत तोवर. मला फार लाज वाटत होती. वाटेत त्या एक अक्षर बोलेनात. शेवटी मीच म्हटलं, शिव्या द्या, पण काहीतरी बोला.
खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, तुझा हात अजून वरच आहे, पोरी.