फ्रिजवरचे दोन कागद

२ मे, सकाळी ९

आजपासून ही वही फक्त तब्येतीसाठी. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत तब्येत लिहायची नाही. लोक चाळतात.

काल आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो होतो. बायको महिनाभर तापाने झोपून होती, आत्ता कुठे उठलीय. वजन ४३. पोरीचं बाळंतपण ऑगस्टअखेरीस, आणि पोरगी राहते विमानाने सहा तासांवर. डॉक्टर म्हणाले, ४७ किलो झाल्याशिवाय प्रवासाचं नाव काढायचं नाही. हिचे डोळे भरून आले. मी म्हणालो, मी आहे ना, ४७ काय, ५० करून दाखवतो.

मग डॉक्टर म्हणाले, आता आलाच आहात मास्तर, तर तुमचंही बघून टाकू. हे उगाचच. माझं ८४. शिवाय कोलेस्टेरॉल वगैरे.

दोघांना दोन कागद मिळाले. हिचा : लोणी, चीज, अंडी, बदाम, सायीसकट दूध, दिवसातून पाच वेळा. माझा : उकडलेल्या भाज्या, सूप. लोणी बंद. चीज बंद. साय बंद. रोज चालणे. दोन्ही फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लावले. २४ ऑगस्टची दोन तिकिटं काढली.

निर्धार : कागदाबाहेरचा एक घास पोटात जाणार नाही.

३ मे

उकडलेला कोबी खाल्ला. छान लागतो. कोबीला स्वतःची एक चव असते, हे लोकांना माहीतच नाही.

४ मे

कोबी.

५ मे

कोबीबद्दल परवा लिहिलेलं मागे घेतो.

७ मे, दुपारी ३

शिलाई मशीनवर बसल्या बसल्या विचार केला. दोन्ही कागदांवर तारीख एक, सही एक, पेनसुद्धा एक. मग लोणी हिला औषध आणि मला विष, हे कसं? विज्ञान माणूस बघून बदलत नसतं.

दोन्ही कागद नीट पाहिले. हिच्या कागदावरचं अक्षर सावकाश, विचार करून काढलेलं. माझ्या कागदावरचं घाईघाईत खरडलेलं. यावरून काय ते कोणीही समजेल.

१० मे

डॉक्टर म्हणाले होते, आजारातून उठलेल्या माणसाला एकट्याने जेवायला लावू नका. हे माझ्या लक्षातून गेलंच होतं. आज हिच्यासमोर बसून ब्रेडची एक स्लाइस लोणी लावून खाल्ली, तेव्हा कुठे हिने अर्धी खाल्ली. उरलेली अर्धीही मीच संपवली. नाहीतर हिच्या मनाला लागलं असतं.

थोडक्यात, हिच्या वजनासाठी मला खावं लागणार. नवऱ्याला सगळं करावं लागतं.

१५ मे

सकाळी एका बँकवाल्याशी वाजलं. म्हणे, कपडे शिवून कशाला घ्यायचे, दुकानात तयार मिळतात. त्याला आरशासमोर उभा केला आणि दाखवलं, की त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. म्हटलं, साहेब, माणसं तितकी मापं. कारखान्यातल्या शर्टाला तुमचा खांदा काय कळणार? निमूटपणे दोन शर्टांचं माप देऊन गेला.

दुपारी शाळेतले पीटीचे सर (काडी), समोरचा बेकरीवाला (पोतं) आणि नुकतेच दवाखान्यातून आलेले पोस्टातले काका एकदम भेटले. तिघांनाही हिच्या कागदावरचं डाएट लिहून दिलं. सगळ्यांना एकच. सोपं असतं हो, डॉक्टर लोक उगाच अवघड करतात.

दुकानात काज-बटणाला येणाऱ्या मावशी सुईतून मान वर न करता म्हणाल्या, लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं काही बोलल्या नाहीत. विसरल्या असतील, वय झालंय.

२२ मे

कंबर मोजली. नव्या टेपने ४१, जुन्या टेपने ३९. जुना टेप सतरा वर्षं माझ्या गळ्यात आहे, अनुभवी आहे. कालच्या टेपवर विश्वास कोण ठेवणार? ३९ लिहिले.

मावशी म्हणाल्या, मास्तर, जुना टेप ओढून ओढून ताणला जातो आणि माप कमी दाखवतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. खरं आहे. म्हणून तर तो गिऱ्हाइकांना लावत नाही. घरच्या माणसाला चालतो.

१ जून

पँट कमरेत आवळ झाली. कापड आटलंय. शिवण उसवून इंचभर सोडली. आत मार्जिन भरपूर होतं. शिवणाऱ्याने दूरदृष्टी दाखवली होती. (शिवणारा मीच.)

५ जून

हिने विचारलं, लोण्याच्या डब्यावर निळ्या खडूचा डाग कसला? मी म्हणालो, वाण्याकडूनच लागून आला असेल. ही म्हणाली, वाणी कधीपासून कापडावर खुणा करायला लागला? मग म्हणाली, मांजर डोळे मिटून दूध पितं.

आपल्याकडे मांजर नाही. तसं हिला सांगितलं.

१२ जून

डाएटचे निकाल हाती आले. पीटीच्या सरांचं वजन दीड किलोने वाढलं, अंगात जोर आला म्हणून आभार मानून गेले. दणदणीत यश. पोस्टातले काका दोन दिवस पोट धरून आडवे. त्यांचं ऑपरेशन पित्ताशयाचं होतं, हे त्यांनी आधी सांगायला नको? काकू दुकानासमोरून जाताना माझ्याकडे बघत नाहीत. बेकरीवाल्याला विचारलं नाही. त्याच्या शर्टाची दोन बटणं उडाली म्हणून तो आला होता. दोरा कच्चा निघाला.

२० जून

तपासणी. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

हिचं ४२. माझं ८८.

डॉक्टरांनी आधी हिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे. म्हणाले, मास्तर, तुमच्या घराचं वजन तीन किलोने वाढलंय, फक्त चुकीच्या माणसावर. दवाखाना ही काय विनोद करायची जागा आहे? आणि काट्याचंही बघायला हवं. एकाच दिवशी एकीला कमी दाखवतो, एकाला जास्त.

बाहेरच्या बाकावर ही रडली. मोठ्याने नाही, पण रडली. म्हणाली, पहिलटकरीण पोर आहे, तिला फोनवर काय सांगू? आई येत नाही म्हणू? मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. हिला सांगितलं, उद्यापासून तुझ्या लोण्याला हात लावणार नाही. हिने माझ्याकडे बघून नाक पुसलं.

२१ जून, सकाळी ८

हात लावला नाही.

२१ जून, दुपारी ४

हात लावला नाही. चमचा लावला. ही झोपली होती आणि लोणी उन्हाने वितळत होतं. कोणीतरी बघायलाच हवं होतं.

२३ जून

हिला सगळं सांगून टाकायचं ठरवलं. आज दुकानात गर्दी होती.

२४ जून

आजही गर्दी. (एक गिऱ्हाईक. पण बोलकं.)

१ जुलै

ही हल्ली रोज बाराला मावशींच्या घरी जाते ती तीनला येते. दोन गल्ल्या पलीकडे. हातात पिशवी असते. दोघींचं एवढं काय बोलणं असतं, देव जाणे. असो, बाईमाणसाला मन मोकळं करायला जागा हवी.

फ्रिजमधल्या लोण्याला ही आता शिवतसुद्धा नाही. माझ्या एका चमच्यावर एवढा राग? पण मग ते खराब होणार. अन्न वाया घालवणं मला कधीच पटलेलं नाही.

१४ जुलै

प्रवासासाठी हिचे दोन जोड मे महिन्यातच शिवून ठेवले होते. आज घालून पाहिले. दोन्ही दंडात आणि कमरेत आवळ. म्हणाली, सैल करून द्या.

तेव्हा कोडं सुटलं. यंदा सगळंच कापड आटतंय. व्यापाऱ्याला चांगला झापला. त्याने आधी ऐकून घेतलं, मग विचारलं, मास्तर, तुम्ही सध्या काय खाताय? याचा काय संबंध?

२ ऑगस्ट

हिचा चेहरा भरल्यासारखा वाटतो. गालावर तुकतुकी. रात्री जेवताना मी समोर बसतो त्याचा हा परिणाम. डॉक्टरांना सांगायला हवं, त्यांच्या बाकीच्या पेशंटना उपयोग होईल.

५ ऑगस्ट

आजपासून चालणे. कडक. बेकरीपर्यंत चाललो. येताना बेकरीवाल्याच्या गाडीतून आलो. तो सोडतो म्हणाला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. त्याने हातात एक पुडाही दिला. त्यालाही नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१२ ऑगस्ट

पँट आणखी अर्धा इंच सोडली. आता मार्जिन संपलं. बॅग भरली. बाळासाठी झबली शिवली, सहा. कोणतीही दोन एका मापाची नाहीत. पोर कसं निघेल कोण सांगणार?

१८ ऑगस्ट

शेवटची तपासणी. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. हा जिना अलीकडे उंच केलाय. मध्ये दोनदा थांबून भिंतीवरचे तक्ते वाचले.

हिचं ४७ किलो ३००!

मी डॉक्टरांना माझी पद्धत समजावून सांगायला सुरुवात केली. समोर बसणे, सोबत खाणे वगैरे. मध्येच ही बोलली. म्हणाली, वीस जूनपासून मी मावशींकडे जेवते. माझं लोणी, चीज, अंडी, सगळं तिथेच असतं. फ्रिजमधलं लोणी ह्यांच्यासाठी सोडलं होतं, म्हणजे हे शोधत शोधत तिथवर यायला नकोत. डॉक्टर एवढे हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

मग त्यांनी मला काट्यावर उभं केलं. ९१. नंतर ते हसले नाहीत. रक्तदाब दोनदा मोजला. छातीचा आलेख काढला. जिन्यात थांबून तक्ते का वाचले, ते विचारलं. मला वाटलं होतं कोणी बघितलं नाही. म्हणाले, अजून काही तपासण्या करायच्यात, निदान पंधरा दिवस माझ्या नजरेखाली राहा, विमान नाही.

मी म्हणालो, अट हिला होती, मला नव्हती. ते म्हणाले, मास्तर, बाईंना मी अट घातली, तुम्हाला कागद दिला होता. मला वाटलं, शहाण्या माणसाला कागद पुरेल.

मी म्हणालो, लोणी एवढं वाईट तर हिला का दिलंत? ते म्हणाले, लोणी वाईट असं मी कधी म्हणालो? तुम्हाला नको, एवढंच सांगितलं होतं.

जिना उतरताना हिने माझा दंड धरला होता. म्हणाली, अहो, मग मीही थांबते. मी नको म्हणालो. लगेच म्हणालो. या वहीत मी काय काय लिहिलंय ते मलाच ठाऊक, पण हे मात्र खरंच लगेच म्हणालो.

२४ ऑगस्ट

ही गेली. काचेच्या दारातून हात हलवला. मीही हलवला. मग दिसेनाशी झाली, तरी थोडा वेळ हलवत होतो. शेजारच्या माणसाला वाटलं त्यालाच, त्याने परत हलवला.

सहाही झबली हिच्याबरोबर दिली. माझं तिकीट रद्द.

घर फार मोठं वाटतं. फ्रिज उघडला. आत सूप आणि हिच्या हातची चिठ्ठी. त्यात लिहिलंय, की मावशी रोज संध्याकाळी फ्रिज बघून जातील.

२७ ऑगस्ट

तीन दिवस अगदी कागदाप्रमाणे. अंग हलकं वाटतंय. आता हे कायमचं. डॉक्टर पुढच्या तपासणीला चाट पडतील.

३० ऑगस्ट, सकाळी १०

नातू झाला! पहाटे. तीन किलो दोनशे. दोघंही सुखरूप. जावयांनी फोटो पाठवला. मावशींना दाखवला, पीटीच्या सरांना दाखवला, पोस्टातल्या काकूंनासुद्धा दाखवला. त्या बोलल्या. बेकरीवाला तर मिठी मारून रडला आणि आनंदाने गरम बनचा पुडा हातात ठेवला.

३० ऑगस्ट, संध्याकाळी ५

हिचा फोन आला. पोरीला तिकडच्या डॉक्टरांनी तिसराच कागद दिलाय, ना माझ्यासारखा ना हिच्यासारखा. बाळाला तर कागदच नाही, फक्त दूध. मग हिने विचारलं, तुम्ही आज काय खाल्लंत?

मी ‘कागदाप्रमाणे’ म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. पण आज आजोबा झालोय, पहिल्याच दिवशी कुठे खोटं बोलायचं? म्हटलं, चार बन. लोणी लावून. लोणीही बेकरीवाल्यानेच दिलं.

पलीकडे बाळ रडायला लागलं. आवाज खणखणीत. मी म्हणालो, फोन त्याच्याजवळ धर, मला ऐकू दे. मग मला राहवलं नाही. मी तिथे असतो तर त्याला मांडीवर घेतलं असतं. मोठा आवाज लावून फोन मांडीवर ठेवला आणि मांडी हळूहळू हलवली. हलवत राहिलो.

थोड्या वेळाने बाळ गप्प झालं. माझ्या मांडीवर लगेच झोपलं म्हणून फ्रिज बघायला आलेल्या मावशींना हाक मारली. त्या आल्या, वाकून फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, मास्तर, बाईंनी फोन केव्हाच ठेवलाय.